वारीच्या नकाशातले चौसष्ट थेंब

पुण्यातलं एक सेवाभावी मंडळ दर आषाढीला माउलींच्या पालखी मार्गावर पाण्याची आणि प्रथमोपचाराची सोय करतं. आळंदी ते पंढरपूर या वाटेचा नकाशा ते दरवर्षी छापून घेतात. मोठं पोस्टर दिंड्यांच्या ट्रकवर लावायला, आणि त्याचीच छोटी घडीची प्रत स्वयंसेवकांच्या खिशात ठेवायला. टँकर कुठे उभे असतील, दवाखान्याचे तंबू कुठे, फिरती शौचालयं कुठे, मुक्काम कोणते, हे सगळं त्या एका कागदावर असतं. यंदा ते काम सदाशिव पेठेतल्या आमच्या प्रीप्रेसच्या, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करायच्या, खोलीत आलं. मूळ फाइल कुणाकडेच उरली नव्हती. हातात आली ती गेल्या वर्षी छपाईला दिलेली पीडीएफ आणि सोबत पाण्याच्या जागांची एक्सेलमधली यादी.

मंडळाचे काका बदल सांगायला स्वतः आले. पहिला पाण्याचा. जुन्या नकाशात पाण्याची जागा म्हणजे एक आकाशी रंगाचा थेंब, एवढंच. काका म्हणाले, “अहो, उन्हात उभं राहून बघितलं तर तो थेंब दिसतच नाही. नीरेपाशी तर नदीतच मिसळून जातो. म्हातारी माणसं आमच्या पोरांना विचारत बसतात, पाणी कुठंय म्हणून.” त्यांना गडद निळ्या गोलात पांढरा थेंब हवा होता, आणि मोठा.

दुसरा बदल दवाखान्याच्या खुणेचा. हा आम्हीच सुचवला. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे चिन्ह कुणीही उचलून वापरावं असं नाही. भारतात १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याने त्याच्या वापरावर बंधन आहे. म्हणून हिरव्यावर पांढरा क्रॉस ठरला. तिसरा बदल गावांच्या ठिपक्यांचा. काळे ठिपके काळ्या अक्षरांत हरवत होते. सगळे ठिपके तपकिरी करायचे आणि मुक्कामाची गावं तेवढी भगव्या, मोठ्या ठिपक्यांनी दाखवायची.

सांगायला तीन वाक्यं. फाइलीत मात्र शेकडो वस्तू.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे त्याचं कारण असं. एकसारख्या वस्तू एका फटक्यात निवडायची सोय चित्रं-नकाशे करायच्या सगळ्याच प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये आहे. इलस्ट्रेटरमध्ये ‘सिलेक्ट सेम’, कोरलमध्ये ‘फाइंड अँड रिप्लेस’, इंकस्केपमध्ये पुन्हा ‘सिलेक्ट सेम’. डीटीपी शिकलेल्या कुणालाही ही नावं ठाऊक असतात. अडतं ते दुसरीकडे. सॉफ्टवेअरला रंग कळतो, रेषेची जाडी कळते, आकार थोडाफार कळतो. निळा रंग पिण्याच्या पाण्याचा की नदीचा, हे कळत नाही. दोन वस्तू कोणत्या बाबतीत सारख्या आहेत आणि तिसरीपासून कोणत्या बाबतीत वेगळ्या आहेत, हे माणसाने आधी ठरवायला लागतं. ते ठरवून मेनूला हात घातला तर काम पटकन होतं. न ठरवता घातला तर एका क्लिकमध्ये शंभर चुका होतात, आणि त्या सगळ्या सुबक दिसतात.

फाइलीची अवस्था

पीडीएफ इलस्ट्रेटरमध्ये उघडली तेव्हा सगळं एकाच लेयरवर, म्हणजे एकाच थरावर, होतं. ग्रुपच्या आत ग्रुप, त्यांवर क्लिपिंग मास्क, म्हणजे चौकटीबाहेरचा भाग झाकणारे आकार. मराठी मजकूर पूर्ण कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेले. आपल्याकडे ही सवय जुनी आहे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम वापरून केलेलं काम दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की अक्षरांचं काय होईल याची खात्री नसायची, म्हणून छपाईला देताना सगळं कर्व्ह करून द्यायचं. छपाईपुरतं ते योग्यच होतं. पण पुढच्या वर्षी बदल करायला बसणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. अशा फाइलीला ‘वाखरी’ हे नाव माहीत नसतं. तिच्या लेखी ते फक्त काही काळे आकार असतात.

मास्क आधी काढले. सिलेक्ट मेनूतल्या ‘ऑब्जेक्ट’मध्ये ‘क्लिपिंग मास्क्स’ आहे. त्याने सगळे मास्क एकदम निवडले जातात आणि डिलीट दाबलं की जातात. नद्यांची टोकं चौकटीबाहेर आली, ती शेवटी एकाच नव्या मास्कखाली घेतली. तिथलंच ‘स्ट्रे पॉइंट्स’ वापरून भटके बिंदूही काढून टाकले. मास्क राहू दिले असते तरी ‘सिलेक्ट सेम’ चाललं असतं, ते ग्रुपच्या आत शिरून निवडतं. पण निवडलेलं उचलून दुसऱ्या लेयरवर नेताना मास्क आडवे आले असते.

थेंब आणि नदी

आमच्या ऑपरेटरने एका थेंबावर क्लिक केलं आणि ‘सेम’मधून ‘फिल कलर’, म्हणजे आत भरलेला रंग, दिलं. मोठी निवड झाली. तिने झूम आउट केलं आणि म्हणाली, “सर, नीरा नदीपण आली.”

नीराच नाही, इंद्रायणी, मुळा-मुठा, कऱ्हा, चंद्रभागा, वीर धरणाचं पाणी, आणि नद्यांच्या नावांची अक्षरंसुद्धा. ज्याने नकाशा केला त्याने पाणी म्हणून एकच आकाशी रंग सगळीकडे भरला होता. त्याच्या दृष्टीने ते सुसंगतच होतं. आमच्या दृष्टीने तो रंग निवडीला निरुपयोगी होता, कारण तो दोन वेगळ्या गोष्टी सांगत होता.

इथे पुष्कळ लोक आणखी चलाख आज्ञा शोधायला लागतात. आम्ही तसं केलं नाही. नद्या किती? हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. नद्यांची नावं किती? तेवढीच. म्हणून नद्या एकेक क्लिक करून निवडल्या, नावांवरून चौकट ओढली आणि सगळं कंट्रोल-२ ने लॉक केलं. लॉक केलेली किंवा लपवलेली वस्तू ‘सिलेक्ट सेम’च्या तावडीत सापडत नाही. आमच्या खोलीत हा आता नियमच झाला आहे: जे थोडं आहे ते हाताने बाजूला काढायचं आणि जे खूप आहे ते मेनूकडे सोपवायचं. थोड्यासाठी मेनूची युक्ती शोधण्यात वेळ जातो. खूप असलेलं हाताने करायला गेलं की डोळा थकतो, आणि थकलेला डोळा वस्तू सोडून जातो.

लॉक केल्यावर पुन्हा तेच ‘फिल कलर’. आता आले ५२ थेंब. आकडा कुठून कळला? विंडो मेनूत ‘डॉक्युमेंट इन्फो’ नावाचं एक पॅनल आहे, फारसं कुणी उघडत नाही. त्याच्या मेनूत ‘सिलेक्शन ओन्ली’ आणि ‘ऑब्जेक्ट्स’वर टिक केली की निवडीत किती पाथ, म्हणजे रेखाटलेले आकार, आहेत, किती कंपाउंड पाथ, किती इमेज, हे कळतं. यादीत जागा होत्या ६४. म्हणजे बारा कमी.

त्या बारांतल्या एकावर झूम करून रंग वाचला. आधीच्या थेंबांत छपाईच्या चार शायांपैकी सायन १०० आणि बाकी शून्य. यात सायन ९५, मॅजेंटा ५. डोळ्याला फरक दिसणं शक्य नाही. पण ‘सेम’ला तंतोतंत तोच आकडा लागतो, पाचाच्या फरकालाही तो थेंब परका. रंग पडद्याच्या आरजीबीतून छपाईच्या सीएमवायकेत गेला, किंवा एखादा तुकडा दुसऱ्या फाइलीतून आणून चिकटवला, की असे जुळे रंग तयार होतात. जुन्या फाइलीत ते असतातच असं धरून चालावं.

यासाठी मॅजिक वाँड. हे टूल ‘वाय’ दाबून मिळतं. त्याच्यावर डबल क्लिक केलं की पॅनल उघडतं आणि रंगात किती फरक चालेल ते ‘टॉलरन्स’मध्ये सांगता येतं; सीएमवायके फाइलीत ० ते १००, आरजीबीत ० ते २५५. आम्ही आधी २५ ठेवून पाहिलं. त्यात शौचालयांच्या खुणाही आल्या, कारण त्यांचा निळा सायन ८५, मॅजेंटा २० होता. मग टॉलरन्स १० केला. शौचालयं गळाली, बारा थेंब राहिले. टॉलरन्स अंदाजाने कमी-जास्त करत बसण्यापेक्षा जे हवं त्याचे आणि जे नको त्याचे रंगाचे आकडे वाचून मधला आकडा ठेवावा. एकाच प्रयत्नात काम होतं.

निवड मात्र टिकत नाही. रिकाम्या जागी एक क्लिक पडला की गेली. ‘सेव्ह सिलेक्शन’ आहे, नाव दिलं की सिलेक्ट मेनूच्या तळाशी ते दिसत राहतं, आणि ते चांगलं आहे. पण तुकड्यातुकड्याने वस्तू गोळा करायच्या असतील तेव्हा आम्ही वेगळी वाट धरतो. एक नवीन स्पॉट कलर, म्हणजे स्वतंत्र शाईचा रंग, करायचा, दिसायला भडक गुलाबी, नाव ‘खूण’. निवडलेली प्रत्येक टोळी या रंगाने रंगवायची. ५२ थेंब गुलाबी, मग वाँडचे १२ गुलाबी. आता कोणत्याही क्षणी एका गुलाबी थेंबावर क्लिक करून ‘सेम फिल कलर’ दिलं की सगळे हातात. हा रंग फाइलीत दुसऱ्या कशालाही असूच शकत नाही, कारण तो आपणच आत्ता जन्माला घातला. शिवाय स्पॉट कलर असल्याने एखादी वस्तू तशीच राहिली तर रंगानुसार छपाईच्या प्लेटा दाखवणाऱ्या ‘सेपरेशन्स प्रिव्ह्यू’त चार प्लेटांच्या खाली पाचवं नाव दिसतं. गुलाबी रंग छपाईला चुकून जायची भीती त्यामुळे राहत नाही.

आकडा जुळला तरी

५२ आणि १२, चौसष्ट. यादीतही चौसष्ट. ऑपरेटर पुढच्या कामाला हात घालणार होती. मी म्हणालो, “अगं, थांब जरा. यादी वाच, मी नकाशावर बोट ठेवतो.”

“सर, आकडा जुळला की.”

“जुळला. पण गावं जुळली का बघू.”

एकूण आकडा जुळणं ही अर्धी तपासणी आहे. एक वस्तू राहिली आणि एक दुबार आली तरी बेरीज तीच येते. आणि इथे नेमकं तेच होतं. लोणंदच्या नावापुढे गुलाबी थेंब नव्हता. तिथे थेंब दिसत होता, पण जुना आकाशी. त्याच्यावर क्लिक केल्यावर वर ‘पाथ’ऐवजी ‘इमेज’ असं आलं. कुणीतरी तो कधीतरी चित्र म्हणून चिकटवला होता. चित्राला फिल नसतो, त्यामुळे रंगाच्या कोणत्याही शोधात तो सापडला नसता. टॉलरन्स शंभर केला असता तरी नाही.

मग दुबार कोणता? एकावर एक तंतोतंत बसलेले दोन थेंब डोळ्याला एकच दिसतात. आउटलाइन व्ह्यूमध्येही एकच रेघ दिसते. सगळे गुलाबी थेंब निवडून त्यांची ओपॅसिटी ५० केली. ६२ ठिकाणी फिकट गुलाबी दिसलं आणि जेजुरीपाशी एक थेंब ठळक राहिला. तिथे दोन होते. एक काढला, लोणंदचं चित्र काढून तिथे खरा थेंब ठेवला, ओपॅसिटी परत शंभर. आता चौसष्ट म्हणजे चौसष्ट.

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून एवढं लांबण लावलं. लोणंदचा टँकर जुन्या फिकट खुणेत राहिला असता तर पोस्टर बघणाऱ्या कुणाला ती चूक म्हणून दिसली नसती. वरच्या चौकटीत ‘गडद निळा गोल म्हणजे पाणी’ असं लिहिलेलं, आणि लोणंदला तसा गोल नाही. नीरा ओलांडून चालत आलेल्या माणसाला नकाशाने सांगितलं असतं की इथे पाणी नाही.

मोठं करायचं, पण जागेवर

थेंब मोठे करताना एक जुना घोटाळा होतो. चौसष्ट थेंब निवडून कोपरा धरून ओढला तर थेंब मोठे होतात आणि त्यांच्यामधली अंतरंही मोठी होतात, कारण सॉफ्टवेअर सगळ्या निवडीला एक वस्तू समजून एका मध्याभोवती फुगवतं. सासवडचा थेंब दिवे घाटाकडे सरकतो आणि पंढरपूरचा कागदाबाहेर जातो. इलस्ट्रेटरमध्ये ‘ऑब्जेक्ट’ मेनूतल्या ‘ट्रान्सफॉर्म’खाली ‘ट्रान्सफॉर्म ईच’ आहे, कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-डी. त्याने प्रत्येक वस्तू स्वतःच्या मध्याभोवती वाढते आणि जागा सोडत नाही. इंकस्केपच्या ट्रान्सफॉर्म पॅनलमध्ये यासाठी ‘प्रत्येक वस्तूला वेगळं लावा’ या अर्थाची टिक आहे.

गोल काढून प्रत्येक थेंबामागे ठेवणं हा चौसष्ट वेळा करायचा उद्योग झाला असता. तो टाळला. एका थेंबाला ‘अपिअरन्स’ पॅनलमध्ये दोन फिल दिले. वरचा पांढरा. खालचा गडद निळा, आणि त्या खालच्या फिलवर ‘कन्व्हर्ट टू शेप’मधला ‘इलिप्स’ हा इफेक्ट, ‘ॲब्सोल्यूट’ मापात, रुंदी आणि उंची सारखी. एकाच पाथला मागे निळा गोल आणि पुढे पांढरा थेंब मिळाला. हे सगळं ‘पाणी’ नावाने ग्राफिक स्टाइल म्हणून जतन केलं. मग खुणेचा गुलाबी निवडला, स्टाइलवर एक क्लिक, आणि चौसष्ट जागी नवी खूण.

यात खरा फायदा दिसण्याचा नाही. ‘सेम’च्या यादीत ‘ग्राफिक स्टाइल’ हाही एक पर्याय आहे. आता या वस्तूंमधलं साम्य रंगावर किंवा आकारावर अवलंबून नाही, त्याला नाव आहे. नदी उद्या त्याच निळ्या रंगाची केली तरी ती ‘पाणी’ या स्टाइलची होणार नाही.

क्रॉसचं काम तुलनेने लवकर उरकलं. पालखीची वाटही त्याच लाल रंगात होती, पण वाट म्हणजे नुसती रेषा, फिल नाही. बहुतेक क्रॉस फिलचे, रेषा नाही. ‘फिल कलर’ने ते सुटे झाले. मथळ्यांची लाल अक्षरं आधीच लॉक केली होती. काही क्रॉस मात्र दोन आडव्या-उभ्या रेषांचे निघाले. तिथे वाँडमध्ये ‘स्ट्रोक कलर’ आणि ‘स्ट्रोक वेट’, म्हणजे रेषेचा रंग आणि जाडी, दोन्हीवर टिक केली. वाटेची रेषा जाड, क्रॉसची बारीक, त्यामुळे वाट बाहेर राहिली. त्यांच्या जागी नवे क्रॉस ठेवले आणि सगळ्यांना ‘दवाखाना’ ही स्टाइल.

ठिपके आणि अनुस्वार

गावांचे ठिपके काळे. अक्षरं काळी. ‘फिल कलर’ दिल्यावर नकाशावरचं जवळजवळ सगळंच निवडलं गेलं. रंग इथे काहीच सांगत नव्हता. रेषा कशालाच नव्हती. राहिला आकार.

इलस्ट्रेटरमध्ये २०१९ च्या आवृत्तीपासून ‘ग्लोबल एडिट’ आहे. एक वस्तू निवडून ते सुरू केलं की त्या आकाराच्या बाकीच्या वस्तू फाइलीत शोधल्या जातात आणि एकीत केलेला बदल सगळ्यांत होतो. जुळवताना ‘अपिअरन्स’ आणि ‘साइझ’ बघायचं की नाही हे ठरवता येतं. गावांचे ठिपके दोन मापांचे होते, फलटण-सासवडसारख्या मोठ्या गावांना मोठा आणि बाकीच्यांना छोटा. म्हणून ऑपरेटरने ‘साइझ’ची टिक काढली आणि ठिपक्याला खुणेचा गुलाबी दिला. सगळे ठिपके गुलाबी झाले. मग तिने फलटणच्या बाजूला झूम केलं आणि थांबली.

“सर, लोणंदच्या डोक्यावरचं टिंबपण गुलाबी झालंय.”

आळंदीचं, पंढरपूरचं, भंडीशेगावचंही. त्या जुन्या फाँटमध्ये अनुस्वार वेगळा टाइप होणारा, कर्व्ह केल्यावर अक्षरापासून सुटा झालेला. सुटा झाल्यावर तो एक छोटा काळा गोल, म्हणजे गावाचा ठिपका जसा तसाच. अंतराच्या आकड्यांपुढच्या ‘कि.मी.’मधली टिंबंही त्यांच्यात सामील झाली होती. इंग्रजी नकाशावर काम करणाऱ्याला फार तर ‘आय’च्या डोक्यावरची टिंबं सांभाळावी लागतील. मराठी नकाशावर अनेक गावांच्या नावांत अनुस्वार असतो, आणि तो गावाच्या ठिपक्यापासून दोन-तीन मिलिमीटरवरच बसलेला असतो.

हा गोंधळ तसाच छपाईला गेला असता तर गावांच्या नावांवर तपकिरी अनुस्वार आले असते. कुणी म्हणेल, त्यात काय एवढं. पण घडीच्या छोट्या प्रतीत तो अनुस्वार कागदाच्या रंगात बुडतो आणि ‘लोणंद’चं ‘लोणद’ होतं. गावाचं नाव चुकीचं छापलेला नकाशा वारकऱ्यांच्या हातात द्यायचा नाही, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

अनडू केलं. पुन्हा ग्लोबल एडिट, या वेळी ‘साइझ’वर टिक ठेवून दोन फेऱ्या: एक छोट्या ठिपक्यावरून, एक मोठ्यावरून. अनुस्वार दोन्हीपेक्षा लहान, म्हणून तो कुठल्याच फेरीत आला नाही. ग्लोबल एडिटमध्ये बाकीच्या वस्तू नुसत्या उठून दिसतात, हातात निवड राहत नाही. म्हणून इथेही गुलाबी खूण कामी आली. ग्लोबल एडिट बंद केलं, ‘सेम फिल कलर’ने गुलाबी ठिपके निवडले आणि लेयर पॅनलमधला छोटा चौकोन ओढून ते ‘गावं’ नावाच्या नव्या लेयरवर नेले. तिथे तपकिरी केले. मुक्काम मोजकेच: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. ते हाताने निवडले आणि भगवे केले.

ठिपके बाजूला गेले आणि लेयर लॉक झाला तसं उरलेलं काळं म्हणजे अक्षरं, शिवाय एक मोजपट्टी. अक्षरं एका क्लिकमध्ये निवडून ‘जुनी अक्षरं’ या लेयरवर टाकली, फिकी केली, आणि त्यांवर सगळी नावं युनिकोडमध्ये नव्याने टाइप केली. फाँट मुक्ता, मोफत आहे आणि छोट्या मापात वाचता येतो. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’खाली ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर टिक आणि मजकुराला दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर लागतो, नाहीतर ‘वाल्हे’ आणि ‘कऱ्हा’ यांची जोडाक्षरं फुटतात. हे टायपिंग कामाच्या यादीत नव्हतं. पण पुढच्या वर्षी त्याच अनुस्वारांशी कुणी झगडू नये म्हणून केलं.

कोरलमध्ये हेच काम

पेठांमधली बरीच कामं अजून कोरलवरच चालतात, म्हणून तिथली वाटही लिहितो. नव्या आवृत्त्यांत ‘फाइंड अँड रिप्लेस’ डॉकर आहे, जुन्यांत विझार्ड होता आणि त्यात ‘निवडलेल्या वस्तूशी जुळणाऱ्या वस्तू शोधा’ असा थेट पर्याय होता. रंग बदलायचा असेल तर ‘रिप्लेस’मध्ये फिलचा रंग बदलायचा की आउटलाइनचा, हे वेगवेगळं सांगता येतं, आमच्या लाल वाटेसारख्या प्रकरणात ते फार उपयोगी. किती वस्तू निवडल्या हे कोरल खालच्या स्टेटस बारमध्ये आपणहून सांगतं, त्यासाठी पॅनल शोधावं लागत नाही. पॉवरक्लिपच्या, म्हणजे कोरलमधल्या मास्कच्या, आत काही दडलंय का, हे मात्र आधी बघून घ्यावं.

दोन्ही सॉफ्टवेअरवर हात असणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. इलस्ट्रेटरमध्ये माउसने ओढलेली चौकट वस्तूला नुसती शिवली तरी वस्तू निवडली जाते. कोरलमध्ये आणि इंकस्केपमध्ये वस्तू पूर्ण आत यावी लागते. कोरलमध्ये ऑल्ट दाबून ओढलं तर शिवलेलं येतं; इंकस्केपमध्ये ऑल्ट दाबून ओढलेली रेघ ज्या वस्तूंवरून जाईल त्या येतात. कोरलवर वाढलेला माणूस इलस्ट्रेटरमध्ये निर्धास्तपणे चौकट ओढतो आणि कडेची नदी सोबत घेऊन येतो.

फाइल सोपवताना

छपाईला पीडीएफ कर्व्ह करूनच दिली, सेपरेशन्स तपासून, चारच प्लेटा. मंडळाला मात्र चालू फाइल दिली: ‘पाणी’, ‘दवाखाना’, ‘शौचालय’, ‘गावं’, ‘नद्या’, ‘वाट’, ‘नावं’ अशा वेगळ्या लेयरची, रंग सगळे ग्लोबल स्वॉच. नदीचा रंग बदलायचा तर आता काहीच निवडावं लागत नाही, स्वॉचवर डबल क्लिक करून आकडे बदलले की झालं.

प्लेट जायच्या आधी काकांचा फोन आला. वाल्ह्याच्या पुढचे दोन टँकर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाणार होते, आणि हिरवे क्रॉस थोडे लहान करता येतील का, असं ते विचारत होते. टँकर हाताने हलवले. क्रॉससाठी ‘सेम’, ‘ग्राफिक स्टाइल’, ‘ट्रान्सफॉर्म ईच’. काका फोनवर होते तेवढ्यात झालं.

मंडळातल्या एका मुलाला इंकस्केप येतं, पुढच्या वर्षी तो स्वतः बदल करणार म्हणतो. त्याच्यासाठी इंकस्केपला चालणारी एसव्हीजी फाइल काढून दिली. तिच्यात ग्राफिक स्टाइल टिकत नाही. प्रत्येक खूण म्हणजे गोल आणि थेंब यांचा साधा ग्रुप होतो, आणि इलस्ट्रेटरचे लेयरही तिथे ग्रुप म्हणूनच दिसतात. त्याला सांगितलं, “अरे, कुठल्याही एका थेंबावर डबल क्लिक कर, म्हणजे पाण्याच्या ग्रुपच्या आत जाशील. मग कंट्रोल-ए. आतली सगळी पाण्याची ठिकाणं येतील, बाहेरचं काही येणार नाही. खाली स्टेटस बारमध्ये आकडा दिसेल, तो यादीशी ताडून बघ, आणि मग गावं एकेक वाच.”